बाबांची सवय

लेकीची मान सातव्या वर्षापासून झटकते. टिक म्हणतात त्याला. इथल्या, ग्लासगोच्या एका क्लिनिकमधून विचारणा झाली: हे जनुकांतून कसं येतं ते आम्ही शोधतोय, घरात आणखी कुणाला असेल तर त्यांच्याशी बोलता येईल का? मी लगेच माझ्या वडिलांचं नाव पुढे केलं.

बाबांची मान जन्मभर झटकत आलीय. नागपूरच्या घरी आम्ही तिला 'बाबांची सवय' म्हणायचो. पाहुणे आले की बाबा मान रोखून बसायचे, आणि पाहुणे गेले की मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. रोखलेले झटके तिथे एकट्याने काढायचे, खूप वेळ बाहेर यायचे नाहीत. घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिचे आजोबा म्हणजे अर्धं कपाळ आणि छताचा पंखा. शाळेत पोरं तिची नक्कल करायची आणि घरी येऊन ती मला विचारायची, "मलाच का?" शेवटी मी सांगून टाकलं, आजोबांनाही आहे, शनिवारी क्लिनिकच्या व्हिडिओ कॉलवर बघ.

शनिवारी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन सरळ उभा केला. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. संशोधक बाई विचारत होत्या, मी मराठीत सांगत होते.

"मान? छे. आमच्याकडे कुणालाच नाही."

अख्ख्या कॉलभर त्यांची मान हलली नाही. "बाबा, खरं सांगा ना," मी म्हटलं, तर ते बाईंकडे बघून हसले. थुंकीचा नमुना द्यायलाही नाही म्हणाले. बाई आभार मानून गेल्या.

मी चिडून पुन्हा फोन लावला.

"अगं, घराण्यात नाही म्हटलं की पोरीला कुणी बोल लावणार नाही," ते म्हणाले. त्यांना फोन ठेवायची घाई होती. कशाची, ते मला माहीत होतं. राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मागच्या खोलीचं ते दार उघडं ठेवायची मुभा त्यांना कुणीतरी द्यायला हवी होती.

लेक अजून लॅपटॉपसमोर होती. मला वाटलं, खोटं बोललीस म्हणेल.

"आई, आजोबाला आहे," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "बोटं किती टाइट धरला होता त्याने. मी पण क्लासमध्ये तसंच करते." मग म्हणाली, "पण मला एवढा वेळ जमत नाही. तो मला शिकवेल का?"