पाटी कुठे लावायची

आमच्या नाट्यगृहात कुठेही नजर टाका, कुणीतरी कैलासवासी तुमच्याकडे बघत असतोच. फाटकावर एक आहेत, पायऱ्यांवर एक आहेत, पंख्यांच्या पात्यांवर तर अख्खं खानदान गरगर फिरतंय. पडद्याच्या काठावर एका किराणावाल्याचे आजोबा शिवलेले आहेत. पडदा वर गेला की तेही वर जातात आणि नाटक संपलं की खाली येतात. जिवंतपणी त्यांनी एकही नाटक पाहिलं नव्हतं, असं त्यांच्या नातवानेच मला सांगितलं.

मी पेणमध्ये एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते आणि बरीच वर्षं हौशी नाटकांत कामं करते. आमचं मंडळ अर्धं पेणचं, अर्धं रोह्याचं. रोहेकर कंपनीतल्या शिफ्ट सांभाळून तालमीला येतात आणि उशिरा आल्याचा दोष न चुकता शिफ्टवर ढकलतात. स्वतःची जागा नव्हती तेव्हा आम्ही शाळेच्या हॉलात, देवळाच्या मांडवात, नाहीतर गणपती गेल्यावर हमरापूरच्या रिकाम्या मूर्ती-कारखान्यांत प्रयोग करायचो. पुरुषांचं काहीच अडायचं नाही. ते अंधारात भिंतीआड जाऊन यायचे. आम्ही बायका टेम्पोमागे दोन साड्या आडव्या धरून कपडे बदलायचो, आणि बाकीच्या गोष्टीवर आमचा एकच उपाय होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळचा चहा घेतला की प्रयोग संपवून घरी जाईपर्यंत तोंडात थेंब नाही.

एका स्थानिक साप्ताहिकाने माझ्याबद्दल छापलं होतं की दुसऱ्या अंकात यांचा आवाज वेदनेने घोगरा होतो आणि काळजाला भिडतो. वेदना कसली डोंबलाची, घशाला कोरड पडलेली असायची. आमच्या अध्यक्षांनी ते कात्रण फ्रेम करून घेतलं.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनीच मला समोर बसवलं. लघवीच्या त्रासासाठी मी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडून औषध घेत होते. त्या म्हणाल्या, "एक तर पाणी प्या, नाही तर नाटक सोडा." मला नाटक सोडायचं नव्हतं. दिवसभर लोकांना "बसा, नंबर आला की बोलावते" सांगणाऱ्या बाईला तेवढीच एक जागा होती, जिथे सगळे गप्प बसून तिचं ऐकायचे.

त्यामुळे एका भल्या माणसाने नाट्यगृहासाठी जागा दिली तेव्हा मी पहिल्याच सभेत बोलले. रंगमंचामागे बायकांसाठी वेगळी खोली हवी, तिला लागून संडास, नळाला पाणी आणि दाराला आतून कडी. सगळ्यांनी माना डोलावल्या. नकाशात मागच्या बाजूला एक छोटा चौकोन काढला गेला. मी त्या चौकोनाला अगदी जीव लावून बसले.

मग आम्ही देणग्या मागायला निघालो. अध्यक्ष पुढे, मी मागे, कारण बाई बरोबर असली की लोक दारातून घालवत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

हमरापूरला एका मोठ्या कारखानदाराकडे गेलो. चारी बाजूंना पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती उभ्या होत्या आणि मधे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही. माणूस मनाचा मोठा. म्हणाला, "स्टेजच्या वरची कमान माझ्याकडं. मधे गणपती, दोन बाजूला मोर, खाली आमच्या बाबांचं नाव." अध्यक्ष कृतकृत्य झाले. मी म्हटलं, "दादा, कमानीला दुसरं कुणीही मिळेल. तुम्ही बायकांच्या खोलीचं बघा ना."

"खोली म्हंजे?"

"संडास-बाथरूम."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मूर्तीवर चहा सांडला होता. "वहिनी, आमच्या बाबांचं नाव संडासावर लावू? गावात तोंड दाखवू नको का मी?"

रोह्याला एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांना आईच्या नावाने पंखे द्यायचे होते. आई खेड्यात राहिली, फार सोसलं तिने, असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी विचारलं, "त्या काळी घरात संडास होता?" ते म्हणाले, "छे, बायका पहाटे अंधारात बाहेर जायच्या." मी म्हटलं, "मग त्यांना विचारलं असतंत तर त्यांनी पंखा मागितला नसता." त्यांचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. परतीच्या वाटेवर अध्यक्षांनी मला जन्माची शिकवण दिली, की दात्याच्या आईबद्दल बोलू नये.

असंच सगळीकडे झालं. खुर्च्यांना दाते मिळाले, माईकला मिळाले, फाटकाला तर दोन मिळाले आणि त्यांच्यात भांडण लागलं. माझ्या चौकोनापाशी घोडं अडलं ते अडलंच. कुणालाच आपला बाप तिथे नको होता. मी म्हटलं, पाटीशिवाय बांधा. तर खजिनदार म्हणाले, पाटीशिवाय कोण देतो? आधी उद्घाटन होऊ द्या, मग बघू. आमच्या मंडळात 'मग बघू' म्हणजे 'नाही'. फक्त 'नाही' म्हणायला धीर लागतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी मागे जाऊन पाहिलं. माझ्या चौकोनात चार भिंती होत्या, आणि आत सत्काराच्या नारळांची पोती रचली होती. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. नाट्यगृहासमोरच्या घरातल्या वहिनींकडे गेले आणि म्हटलं, उद्या तुमचा संडास वापरीन. त्या म्हणाल्या, "ये गो, विचारतेस काय?"

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. हमरापूर-जोह्याकडच्या बायका टेम्पोतून दुपारपासून येऊन बसल्या होत्या. नाटकाआधी सत्कार होते. नारळ, शाल, टाळ्या, फोटो. पुन्हा नारळ, शाल. कारखानदाराने आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून स्टेजवर आणलं आणि कमानीखाली उभं करून फोटो काढून घेतला. प्रत्येक दाता आपल्या वडिलांवर बोलला. प्रमुख पाहुणे सगळ्यांच्या वडिलांवर बोलले. मी राणीच्या वेशात, नऊवारी आणि मुकुट घालून, विंगेत उभी होते. त्या दिवशी मी मुद्दाम पोटभर पाणी प्यायले होते.

शेवटी माझाही सत्कार निघाला. "अथक परिश्रम घेणाऱ्या वहिनींनी दोन शब्द बोलावेत."

मी माईक हातात घेतला. म्हटलं, "या नाट्यगृहात सगळं आहे, बायकांना संडास नाही. मी समोरच्या घरी जाऊन येते. परत येईपर्यंत नाटक सुरू होणार नाही. कुणा बाईला यायचं असेल तर चला."

आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून मधल्या वाटेने चालू लागले. अध्यक्ष मागे धावले. "वहिनी, प्रमुख पाहुणे बसलेत."

"बसू दे. त्यांच्या डोक्यावर पंखा आहे."

मला वाटलं होतं मी एकटीच जाईन. मागे खुर्च्या वाजायला लागल्या. आधी दोघी-तिघी उठल्या, मग रांगच्या रांग. सगळ्या बायका दुपारपासून दाबून बसल्या होत्या आणि एकीलाही बोलायची सोय नव्हती. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. समोरच्या वहिनींनी दारात येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "गो बाय, वरात आणलीस काय?" मग आत जाऊन पाण्याची मोटर लावली.

हॉलमध्ये पुरुष तेवढे उरले. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं, निवेदक माईकवरून पुन्हा पुन्हा शांतता राखायला सांगत होता. आत शांतताच होती.

समोरच्या घरातून सगळ्यात शेवटी ती म्हातारी बाहेर आली, कारखानदाराची आई. नवी शाल खांद्यावर तशीच होती. मी तिला हाताला धरून रस्ता ओलांडला. फाटकापाशी मुलगा घाबराघुबरा होऊन उभा होता. त्याला वाटलं होतं, आईला काही झालं.

म्हातारी म्हणाली, "तुज्या बापाचा नाव वर लावलंस, ऱ्हाऊ दे. माजा नाव त्या मागच्या खोलीवर लाव."

तो म्हणाला, "आये, असं कुठं लावतात का?"

"लाव. पन मी हाय तवर लाव. मेल्यावर मना त्याचा काय उपेग?"

त्याने तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग "व्हय" म्हणाला. मी आत जाऊन तिसरी घंटा द्यायला सांगितली.