रविवारची पोट्टी आणि वामनभाऊंचा बांबू

किस्से साचतात कसे, हे पाहायचं असेल तर पानठेल्याचा खांब पाहावा. जो येतो तो पान तोंडात टाकतो, बोटाला उरलेला चुना खांबाला पुसतो आणि चालता होतो. मुद्दाम कोणी रंगवत नाही, पण काही वर्षांत खांब चांगला जाड होतो! पोंभुर्ण्यातला माझा ठेला असाच किस्स्यांनी जाड झालाय. शाळेनं मला चौथीत सोडलं, मीही हरकत घेतली नाही. त्यामुळे लिहिण्यात इकडचं तिकडं झालं तर तुम्हीच नीट करून घ्या. एका जागी बसून दुरुस्त्या करणं मला जन्मात जमलं नाही.

*

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. चंद्रपुरात नुकताच टीव्ही दिसायला लागला होता. माझ्या शेजारच्या रहीमभाईंचं घड्याळ-रेडिओ रिपेअरिंगचं दुकान. ते एक जुना टीव्ही घेऊन आले. पण चंद्रपूरहून निघालेलं चित्र जंगलातच कुठंतरी हरवायचं. मग बांबूला बांबू बांधला, त्याला आणखी एक बांबू बांधला आणि टोकावर अँटेना चढवली.

वामनभाऊ आले. फॉरेस्ट गार्ड होते, नुकतेच रिटायर झालेले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"या बांबूचा परवाना आहे का?"

"भाऊ, तुम्ही तर रिटायर झाले ना!" रहीमभाई म्हणाले.

"म्हून तं विचारून राह्यलो! नोकरीत असतो तं उचलूनच नेला असता!"

*

दर रविवारी सकाळी निम्मं गाव रहीमभाईंच्या दुकानात जमायचं, कारण तेव्हा एक मालिका लागायची. परदेशातल्या कुठल्यातरी जुन्या, लहान मुलांच्या पुस्तकावरून केलेली. एक अनाथ पोट्टी कडक मावशीच्या घरी राहायला येते आणि कितीही वाईट झालं तरी त्यात काहीतरी चांगलं शोधून काढते. बस, एवढीच गोष्ट. पण आमच्या गावच्या शाळेचे गुरुजी अशी मालिका पाहून गप्प बसतील तर ते गुरुजी कसले! पहिला भाग संपला तसा त्यांनी नियमच काढला.

"आजपासून या दुकानात कोणी कुरकुर करायची नाही. जो करेल, तो बाहेर जाऊन बांबू धरेल!"

बांबू धरायला कोणीतरी लागायचंच. वारा आला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर पोट्टीच्या जागी मुंग्याच मुंग्या!

नियम सांगून गुरुजींचं तोंड मिटायच्या आत वामनभाऊ म्हणाले, "हा काय नियम झाला बावा? फालतूपणा!"

"वामनभाऊ, बांबू!" सगळे एकदम ओरडले.

तेव्हापासून ते बाहेरच. दर रविवारी आत यायचे, 'गरमी काय होऊन राह्यली' म्हणायचे आणि बाहेर जायचे. अख्खी मालिका त्या माणसानं कानांनी पाहिली.

*

आता वामनभाऊंना या मालिकेचं एवढं काय पडलं होतं, ते सांगतो. त्यांची बायको पंचफुलाबाई मोहफुलं वेचायला गेली आणि नाल्यात घसरून पडली. पायाचं हाड मोडलं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं, काढलं आणि सांगितलं, "हाड जुळलं, आता चाला." पण बाईच्या मनात भीती बसली. पाय जमिनीला टेकवायलाच तयार नाही! सारा दिवस पंख्याखाली खाटेवर. वामनभाऊ समजावून थकले, रागावून थकले. रविवारी मात्र मालिका संपली की ते घरी जाऊन तिला गोष्ट सांगायचे, आणि तेवढाच वेळ बाई उठून बसायची.

पण टीव्हीचा आवाज बाहेर नीट पोचायचा नाही, मग गोष्ट त्यांना कळायची कोणाकडून? खिडकीतून मी सांगेन तेवढीच!

एकदा मी ठोकून दिलं, "भाऊ, मावशीचं लगन जमलं. नवरदेव फॉरेस्ट गार्ड!"

वामनभाऊ आठवडाभर छाती काढून फिरत होते. पुढं मी पान द्यायला घरी गेलो, तर पंचफुलाबाई खाटेवरून म्हणते, "काऊन रे, त्या मावशीनं गार्ड केला म्हन्ते?"

"हाव ना, बाई."

"गेली बिचारी कामातून! आता जन्मभर करपलेली भाकर खाईन ते!"

आत चुलीपाशी वामनभाऊ भाकरच भाजत होते.

*

गुरुजींनी हा चांगलं शोधायचा खेळ शाळेतही नेला. गणितात सगळा वर्ग नापास. गुरुजींनी छडी काढली. एका पोराच्या हातावर दोन दिल्या आणि मग आपला नियम आठवला.

"सांग, यात चांगलं काय आहे?"

पोरगं हात चोळत म्हणालं, "गुरुजी, तुमी मारून राह्यले तोवर गणित तं नाई शिकवून राह्यले!"

*

मग तो रविवार आला. मालिकेतल्या पोट्टीला अपघात झाला आणि तिचे पाय गेले. खेळ सांगणारी पोट्टी स्वतःच खाटेवर! मी खिडकीकडं पाठ केली. खिडकीतून वामनभाऊंचा आवाज आला, "काय झालं? बोला ना बे!"

त्या दिवशी मला खोटं सुचलंच नाही. जे झालं ते सांगून टाकलं.

पंचफुलाबाईनं सगळं ऐकलं, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "ते उठली तं मी उठन. नाई उठली तं मले कोनी सांगू नका."

झालं! गावाची झोप उडाली. पुढचा भाग शेवटचा, आणि मध्ये अख्खा आठवडा. माझ्या हातून पानात चुना जास्त पडायचा, गिऱ्हाईकं तोंड भाजून शिव्या द्यायची. गुरुजी रोज ठेल्यावर येऊन एकच विचारायचे, "तुला काय वाटतं?" मला काय वाटणार? वामनभाऊ तर बसायचे, उठायचे, परत बसायचे. रहीमभाईंनी दुरुस्त केलेली घड्याळंसुद्धा पुढं पळायला लागली! तलाठी आपलं घड्याळ आपटतच आला.

"रहीमभाई, हे तं लय जोरात पळून राह्यलं!"

"असू द्या साहेब," रहीमभाई म्हणाले, "रविवार लवकर येईल!"

*

रविवारी वामनभाऊ सगळ्यांच्या आधी हजर. तोंडातून चुकून कुरकुर निघू नये म्हणून मी त्यांच्या तोंडात एवढं मोठं पान कोंबलं, की त्यांना 'हूं'सुद्धा म्हणता येईना. पहिल्यांदाच ते आत, खुर्चीवर, टीव्हीच्या समोर बसले. बाहेर बांबूला गुरुजी.

डॉक्टर आला. मावशी रडली. पोट्टीला उभं करायला दोघांनी धरलं, आणि वारा सुटला. मुंग्याच मुंग्या!

"डावीकडं, गुरुजी! नाही, उजवीकडं! अहो तुमचं उजवं!"

गुरुजींना काही केल्या जमेना. वामनभाऊंनी तोंडातलं पान दारातच थुंकलं, बाहेर धावले, गुरुजींच्या हातून बांबू हिसकला आणि एक झटका दिला. चित्र आरशासारखं साफ! पोट्टी खाटेच्या कडेला आली, एक पाय खाली सोडला...

आणि लाईट गेली.

आमच्या जिल्ह्याचा कोळसा जाळून सारा मुलूख उजळतो, आणि आमच्याकडं वीज येते ती पाहुण्यासारखी. चहासुद्धा न घेता परत!

बांबू धरूनच वामनभाऊ ओरडले, "उठली का? सांगा ना बे, उठली का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. साऱ्या तालुक्याला माहीत, की खोटं बोलायचं ते मीच बोलणार. पण मी 'उठली' म्हटलं असतं तर वामनभाऊंनी विश्वास ठेवला असता का? 

तेवढ्यात रहीमभाई उठले. पाच वेळचा नमाजी माणूस, घड्याळात बिघाड नसेल तर एक पैसाही न घेता परत देणारा. दारात जाऊन शांतपणे म्हणाले, "उठली ना, भाऊ. चालली बी. मावशीच्या गळ्यातच पडली!"

वामनभाऊंनी बांबू तिथंच सोडला आणि घराकडं पळत सुटले. अँटेना रहीमभाईंच्या छपराच्या कवेलूंवर पडली, पण त्या दिवशी कोणी कुरकुर केली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेला उघडत होतो. समोरून पंचफुलाबाई येताना दिसली! एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. एक पाऊल टाकायची, थांबायची, ओठ चावायची, परत एक पाऊल. मागे वामनभाऊ डोक्यावर खुर्ची घेऊन, बाई थकली तर बसायला. शर्टाच्या बाहीनं सारखे डोळे पुसत होते. रहीमभाईंनी त्यांना पाहिलं आणि आपल्या हातातल्या घड्याळात मान खुपसली.

बाई ठेल्यापाशी आली, खांबाला धरून उभी राहिली. दम खाल्ला आणि म्हणाली, "पान दे. कात कमी टाक."

पान देताना मी दात काढले. "बाई, ते पोट्टी उठली म्हून तुमी बी उठल्या ना!"

तिनं आधी मागं, नवऱ्याकडं पाहिलं. मग पुढं वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाली,

"हे पळत घरी आले ना रे, त्याच्या आधीच आमच्या घरचा पंखा बंद पडला होता."