रूपेशचा डावा हात

रूपेश भोईरने अकरा वर्षं माझ्या गाण्यांना ड्रम वाजवले. माझी गाणी म्हणजे काही मोठी भानगड नाही. वाशीच्या एका शाळेत मी संगीत शिकवत असे. नोकरी सोडल्यावर कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या लहान खोलीत कॉम्प्युटर, कीबोर्ड आणि एक बरासा माइक मांडला आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांची गाणी करून द्यायला लागले. स्वागतगीत, समूहनृत्य, झाडं लावा, पाणी वाचवा. बासरीपासून व्हायोलिनपर्यंत सगळं मी कीबोर्डवरच वाजवायचे. ड्रम मात्र रूपेशचा.

तो बोनकोड्याचा, मूळ गावातला. बाप गोटीराम यांची भातशेती शहर वसवताना गेली. बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर पुढे चार मजले चढले आणि घर भाडेकरूंच्या जिवावर चालायला लागलं. रूपेशचा थोरला भाऊ कुंदन रेती-सिमेंटच्या धंद्यात शिरला. रूपेश हळदीच्या रात्री गाजवणाऱ्या बेंजो पार्टीत शिरला, तिथून ऑर्केस्ट्रात, आणि तिथून लोकांच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागला. भाड्यावर जगतो आणि डबे बडवतो, असं गाव त्याच्याबद्दल म्हणायचं. तो हसायचा. हसताना मान जरा डावीकडे जायची, कारण त्या बाजूच्या कानाला त्याला थोडं कमी ऐकू यायचं.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका खोलीत त्याचा ड्रम सेट मांडलेला असे. दाराला आईच्या, शेवंताबाईंच्या, जुन्या गोधड्या टांगलेल्या. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्याने मला एक गोष्ट दाखवली. डाव्या हातातली काठी तो उलटी धरायचा, जाड टोक खाली. त्यामुळे स्नेअरवर, म्हणजे त्या मधल्या कडक ड्रमवर, डाव्या हाताचा घाव पडला की आवाज नुसता वाजत नसे, फुटत असे. उस्तादाने खूप मारलं तरी ही सवय सुटली नाही, असं तो अभिमानाने सांगत होता.

दोन वर्षांपूर्वी कुंदनने ती खोली मोबाइलच्या दुकानाला दिली. रूपेशला विचारलं होतं, असं कुंदन म्हणाला. रूपेश म्हणाला, विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. सेट सुटा करून गच्चीवर निळ्या ताडपत्रीखाली गेला. घणसोली गावात एक छोटा स्टुडिओ होता, तिथे आम्ही पाच-सहा गाणी केली. पण मालकाने तिथे खाटा टाकून कॉलेजच्या मुलांना जागा भाड्याने दिली. आमच्या सोसायटीत ड्रम वाजवायचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा आमचे हे, दिनानाथ, एक दिवस जेवताना म्हणाले की आता ड्रमचंसुद्धा सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, घेऊन टाक एक.

मी शोधलं तर एक सोडून डझनभर निघाली. खऱ्या ड्रमवरचा एकेक घाव, हळू, मध्यम, जोरात, असा शेकडो वेळा रेकॉर्ड करून ठेवलेला. आपण कीबोर्डची पट्टी दाबायची, की तो घाव वाजतो. मला त्यातलं काही कळेना. म्हणून मी रूपेशलाच फोन केला आणि येऊन निवडून दे म्हटलं.

स्वतःच्या जागेवर कोणाला बसवायचं, हे मी त्या माणसालाच ठरवायला सांगत होते. त्या वेळी हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. लक्षात आलं होतं. तो जाणकार आहे, त्याला विचारणं हा त्याचा मानच आहे, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

तो दुपारी आला. रंजिताने, त्याच्या बायकोने, दिलेल्या बोंबलाच्या चटणीची बाटली त्याने ओट्यावर ठेवली आणि हेडफोन कानाला लावून बसला. मी तीन सॉफ्टवेअर दहा दिवसांच्या चाचणीवर उतरवून घेतली होती. पहिलं त्याने पाच मिनिटांत बाद केलं. सगळे घाव एकसारखे, म्हणाला, यातला ड्रमर कधी दमत नाही आणि कधी खूशही होत नाही. दुसरं परदेशी, महाग. ते ऐकताना त्याचा चेहरा बदलला. खोलीचा आवाज येतो, लाकूड कळतं, म्हणाला. हाय-हॅटच्या दोन थाळ्या किती उघड्या आहेत ते ऐकू येतं. त्याने ते अर्धा तास ऐकलं. वाईट सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, पण त्याने चांगल्याला चांगलंच म्हटलं.

तिसरं आपल्याकडचंच, एका भारतीय कंपनीचं, परदेशीच्या पाव किमतीत. मी स्नेअरची पट्टी दाबली. रूपेशने हात वर करून मला थांबवलं. पुन्हा दाबायला सांगितलं. मग शेजारची. मग हेडफोन काढून तो मांडीवर घेऊन बसला.

"मॅडम, हा माजा हात हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, तो म्हणतोय की माझ्यासारखं वाजतंय. तसं नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात त्याला तीन दिवस बोलावलं होतं. ताल वाजवायचा नाही, नुसतं एकेक मारायचं. एक घाव, मग आवाज विरेपर्यंत श्वाससुद्धा रोखून बसायचं, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी त्याचा खांदा सुजला होता. कसलं तरी संशोधन आहे, असं त्यांनी सांगितलं. एका इंग्रजी कागदावर सही घेतली आणि बॉक्सवर नाव येईल म्हणाले. त्याने कित्येक दिवस त्या बॉक्सची वाट पाहिली. पुढे विसरला.

माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली असावी. तो म्हणाला, "एकदम हळू दाबा. आवाज मोठा करा आनि थांबा. शेवटाला स्टूल वाजंल. त्यांचं स्टूल मोडकं होतं."

मी पट्टी अलगद दाबली. स्नेअर कुजबुजला, विरत गेला, आणि अगदी शेवटी, शांततेच्या काठावर, लाकूड करकरलं.

मग मी सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पानावर गेले. तिथे वादक म्हणून एका नावाजलेल्या ड्रमरचं नाव होतं, हातात काठ्या घेतलेला फोटो होता. रूपेशने फोटो नीट पाहिला. म्हणाला, यानं काठी सरळ धरलीय.

मी चिडले. त्याच्यापेक्षा जास्त चिडले, असं मला तेव्हा वाटलं. त्याच्यासमोरच कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. करारानुसार सर्व हक्क कंपनीकडे आहेत, आणि कोणाचं नाव द्यायचं हा कंपनीचा निर्णय आहे. एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. कागद पाहू म्हणाले. रूपेशकडे कागद नव्हता. त्याला कोणी प्रत दिलीच नव्हती.

उरला प्रश्न सॉफ्टवेअरचा. मी म्हटलं, रूपेश, मग मी तुझंच घेते. त्याने मान हलवली. "माज्या हातासाठी तुमी त्यांना पैसे देनार? नको. ते दुसरं घ्या. ते चांगलं हाय." आणि मग तो आणखी एक वाक्य बोलला, खिडकीकडे बघत. म्हणाला, तो जो कोन परदेशी वाजवनारा हाय, त्याला निदान नीट स्टूल दिलं होतं.

त्यानंतरच्या दोन दुपारी येऊन त्याने मला शिकवलं. सगळे घाव सारख्या जोराचे ठेवू नका. दुसरा ठोका किंचित उशिरा टाका. कडव्यातून धृपदावर येताना माणूस जरा घाई करतो, ती घाई घाला. त्याच्या हाताला जे तीस वर्षांत आलं होतं ते मी वहीत लिहून घेतलं. जाताना त्याने विचारलं, या वर्षी किती शाळा? मी म्हटलं, पाच. बरं, म्हणाला.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे. मी परदेशी सॉफ्टवेअर घेतलं नाही. चाचणीचे दहा दिवस संपले तेव्हा समोर दोन किमती होत्या. त्या वर्षी घरी मुलाच्या, पार्थच्या, लग्नाची तयारी चालली होती, वगैरे कारणं मला सुचली. सगळ्यात सोपं कारण असं सुचलं की त्यात रूपेशच तर आहे. मी कोणा परक्याला घरात घेत नाही, आपल्याच माणसाला ठेवतेय. मी तिसरं घेतलं. त्याला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, कारण मी त्याचं ऐकलं असणार, असं तो धरून चालला होता.

पाचही शाळांची गाणी झाली. सुरुवातीला वाटलं की एखाद्या शाळेकडून विचारणा होईल, या वेळी ड्रम वेगळे का वाटतात. कोणी विचारलं नाही. रूपेशला फोन करायचं कारणही उरलं नाही. दिवाळीला त्याचा मेसेज आला, मी उत्तर दिलं.

डिसेंबरात वाशीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. रूपेशची मुलगी सुचिता त्या शाळेत सातवीला आहे, हे मला माहीत होतं. पण ती जवानांच्या नाचात आहे, हे माहीत नव्हतं. मी शिक्षकांच्या रांगेत बसले होते. माझ्या मागे तीन-चार रांगा सोडून रूपेश आणि रंजिता. पडदा वर गेला, हिरव्या कपड्यांतली मुलं संचलन करत आली, आणि स्पीकरमधून स्नेअर वाजायला लागला.

मी मागे वळून पाहायला नको होतं. रंजिता मोबाइल उंच धरून मुलीचा व्हिडिओ काढत होती. रूपेश स्टेजकडे बघत नव्हता. तो स्पीकरकडे बघत होता, मान डावीकडे कलती करून, चांगला कान पुढे करून. नाच संपेपर्यंत तो तसाच बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. मुलीसाठी वाजवल्या असतील.

कार्यक्रम संपल्यावर आवारात गर्दी होती. सुचिता गालावरचा रंग न पुसता मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. मी त्याच्याकडे गेले, कारण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. रंजिताने गाणं मस्त झालं म्हणून सांगितलं. मी रूपेशला काहीतरी सांगू लागले, की घाईत होते, दुसरं नंतर घेणारच होते. त्याने मला वाक्य पुरं करू दिलं. मग अगदी शांतपणे, कामाचं बोलावं तसं म्हणाला,

"मॅडम, दुसऱ्या कडव्याआधीचा रोल फार फास्ट घातलाय. माजा हात येवढा कधीच चालला नाय. कमी करा तो."

एवढं बोलून तो मुलीला हाक मारायला गेला.

त्यानंतर मी त्याला दोनदा फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा रंजिताने उचलला. ती मला नेहमी आदराने बोलायची, तशीच बोलली. ते फोनवर येणार नाहीत, म्हणाली. मग निरोप पोचवावा तशी म्हणाली, "ते बोल्ले, मॅडमला सांग, त्या कॉम्प्युटरच्या डब्यात हाय त्यालाच वाजवा."

फेब्रुवारीत त्याने ड्रम सेट उरणच्या एका पार्टीला विकला. हे मला कुंदनकडून कळलं. बाथरूमचं काम काढलं होतं, म्हणून मी घणसोलीत कुंदनच्या दुकानात सिमेंट आणि टाइल्सची चौकशी करायला गेले, तर काउंटरला रूपेश बसलेला. आता तो तिथेच असतो. कुंदन आतून बाहेर आला आणि आपण भावाला कसं मार्गी लावलं ते मला ऐकवायला लागला. गच्चीवरची अडगळ गेली, आता तिथे पाण्याची दुसरी टाकी बसवली, असंही म्हणाला. रूपेश मान खाली घालून डिलिव्हरीचं पुस्तक लिहीत होता. लिहिताना पेन उजव्या हातात आणि डावा हात टेबलावर पालथा, स्वस्थ. अकरा वर्षांत तो हात असा स्वस्थ मी पाहिला नव्हता. गप्पा मारतानासुद्धा तो काहीतरी ठोकत असायचा.

कुंदन गेल्यावर मी म्हटलं, "रूपेश, माझं चुकलं."

त्याने पुस्तकातून वर पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"तुमचा माळा कोनता, मॅडम? चौथा ना? लिफ्टमध्ये गोनी चढवायला सोसायटी देते का?"

देते, म्हटलं. सकाळी दहाच्या आत पाठवतो, म्हणाला, आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.

सिमेंट वेळेवर आलं. बाथरूम झालं. या वर्षी सात शाळा आहेत, आणि त्यांतल्या दोन शाळांनी गेल्या वर्षीसारखेच जोरदार ड्रम हवेत, असं आवर्जून कळवलं आहे. मी रोज सकाळी कॉम्प्युटर लावते. सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर तो काठी सरळ धरलेला ड्रमर हसत येतो, मग बाजूला होतो, आणि मी कामाला लागते.