कन्हेरीतलं सातवं मत

सोलापूरकडे आंब्याची कलमं पोचवून मी रत्नागिरीला परतत होतो. वाटेत इंदापूरला उतरलो तेव्हा मतदानाला एकच दिवस उरला होता. हायवेवर मालट्रक, स्टँडवर एसटीची गर्दी, तहसील कचेरीकडे लगबगीने निघालेली सरकारी माणसं, आणि कुणाच्या तोंडी निवडणुकीचा शब्द नाही. मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. चहाच्या गाड्यावर चारचौघांत विचारलंच, "काय, हवा कुणाची?" सगळे एकदम आपापल्या कपात बघू लागले. चहावाल्याला माझी कीव आली असावी.

"पाव्हणं, हितं मानसाला इचारत न्हाईत," तो म्हणाला. "घर इचारत्यात. घरात मतं किती, आन् घर कुणाचं. झालं."

माणसं न मोजता घरं मोजायची ही रीत मला फारच गमतीची वाटली.

बारामतीच्या गाडीत खिडकी मिळाली. ऊस, मग उघडा माळ आणि मेंढरं, मग कालवा आणि पुन्हा ऊस. तांबड्या मातीत वाढलेल्या मला इथली काळी माती सारखी ओलीच वाटत होती. बारामतीत मात्र घाईघाईने चुकीच्या वडापात (सीटा भरल्या की सुटणारी जीप) चढलो आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागून रखडत माळेगावला पोचलो. तिथून उलटा फिरून कन्हेरीला यायला संध्याकाळ झाली. स्वतःला शिव्या घालायला भरपूर वेळ मिळाला.

कन्हेरीचे संपतराव टोमॅटो आणि वांगी करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून कलमं नेली होती, ती बघायला या म्हणून त्यांचा आग्रह होता. कलमं तरारली होती. जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि माडगं (आपल्या कुळथाचं पातळ कढण). वाढत होत्या संपतरावांच्या आई. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं. वय ऐंशीच्या घरात. दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. माझ्यासमोर बसून त्या मला निरखत राहिल्या.

"तुमच्या गालावर तीळ हाय व्हय?" असं म्हणून त्या स्वतःच खूश झाल्या.

तेवढ्यात वही घेऊन दत्ता आला. हा संपतरावांचा मित्र आणि एका उमेदवाराचा कार्यकर्ता. "तात्या, सात धरू ना?"

"सात," संपतराव म्हणाले.

दत्ता गेला आणि आक्का म्हणाल्या, "संपत, उद्या बटण मी दाबणार हाय."

आक्कांना दिसत नसल्यामुळे गेली कित्येक वर्षं संपतराव सोबती म्हणून त्यांच्याबरोबर आत जात आणि त्यांचंही बटण दाबत. नियमात बसतं ते. "मला नुसता आवाज यायचा," आक्का मला म्हणाल्या. "टूंऽऽ झालं की समजायचं, आपलं मत गेलं. कुठं गेलं, ते न्हाय ठावं."

संपतराव अवघडले. माणूस वाईट नाही, पण दत्ताला शब्द दिलेला. "आये, मी येतो की नेहमीसारखा. चुकून दुसरं दाबलंस तर?"

"चुकून कशाला दाबीन?" आक्का म्हणाल्या.

म्हातारीला उद्या तिचं मत मिळतं की नाही, याची मलाच धाकधूक लागली.

सकाळी सगळं घर शाळेकडे निघालं. मी रस्त्यापलीकडे लिंबाखाली थांबलो. आक्का नवं लुगडं नेसून, संपतरावांचा हात धरून आत गेल्या. थोड्या वेळाने संपतराव एकटेच बाहेर आले.

"सायेब म्हणालं, आजींना दिसतंय का? तर भिंतीवरच्या कागदावरची सगळी चिन्हं बोट ठेवून सांगितली तिनं. मग म्हणालं, सोबती लागत न्हाय."

आक्कांना उशीर लागला. संपतराव येरझाऱ्या घालत होते. अखेर त्या बाहेर आल्या, कुणाचाही हात न धरता, पायऱ्या नीट बघत.

"कुणाला दिलं गं?" संपतरावांनी हळूच विचारलं.

"दिलं की," आक्का म्हणाल्या आणि चालू लागल्या.

कोपऱ्यावर दत्ता वही घेऊन उभाच होता. "तात्या, सातच्या सात ना?"

संपतरावांनी पुढे चाललेल्या आईकडे पाहिलं, मागून येणाऱ्या बायकोकडे पाहिलं. "माझं एक लिही," ते म्हणाले. "बाकीच्यांचं त्यांना इचार."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, पण ओळख तेवढी नव्हती.

फलटण, सातारा करत घरी निघालो. आंबा घाट उतरताना आठवलं, की आमच्या वाडीतले कार्यकर्ते दारात येतात, तेव्हा मीही छाती काढून सांगतो, "आमची चार." इंदापुरात मला काय गंमत वाटली होती, याची आता लाज वाटली. घरी पोचल्यावर बायकोला आधी तेच विचारलं, "मागच्या खेपेला तू मत कुणाला दिलं होतंस?"

ती नारळ खवत होती. "तुम्ही सांगता त्याला मी कधीच देत नाही," ती म्हणाली. "हात धुवा, जेवायला वाढते."