दोरीच्या अलीकडचा

आमच्या भागात माणूस दोनच कारणांनी पळतो. कुत्रं मागं लागलं तर, नाहीतर भरती जवळ आली तर. भरती म्हणजे मिल्ट्रीची. दुसऱ्या कशाला आमच्याकडे भरती म्हणत नाहीत. निपाणीच्या पलीकडचं गाव आमचं, घरात मराठी, शाळेत कानडी, आणि दहावी झाली की दोन्ही बाजूला ठेवून पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचं. भिजवलेले हरभरे खायचे, छाती फुगवून मोजायची, आणि कुणी विचारलं की पोरगा काय करतो, तर आई सांगायची, "भरतीची तयारी करतोय." त्या उत्तराला गावात मान होता. पोरगा नुसता घरी बसलाय असं कुणाला म्हणता यायचं नाही.

मी शाळेच्या मुलींचा क्रॉस कंट्रीचा कोच आहे, आणि माझी पार्श्वभूमी एवढीच आहे. ती सांगायला मला लाज वाटते. भरतीला गेलो याची नाही. ती मी ज्या रीतीनं लपवली, तिची.

बेळगावच्या मैदानावर सोळाशे मीटर पळवतात. शेकडो पोरं एकदम सुटतात. पहिला घोळका रेषेच्या पलीकडे गेला की दोघे जवान आडवी दोरी धरतात. दोरीच्या पलीकडचे पुढच्या चाचणीला, अलीकडचे घरी. अलीकडच्यांनी रेटारेटी करू नये म्हणून त्यांना तिथंच खाली बसायला सांगतात. मी दर वेळी खाली बसलो. शेवटच्या खेपेला तर दोरी माझ्या पोटाला लागली, रेषा समोर दिसत होती, आणि तरीही मी बसलो. मग वय उलटून गेलं. बी.पी.एड. केलं, एका अकॅडमीत भरतीची पोरं पळवली, आणि तिथून बेंगळुरूला आलो. होसकोट्याच्या बाहेर, निलगिरीच्या बनाला लागून एक मोठी शाळा आहे, तिथं नोकरी मिळाली.

शाळांच्या स्पर्धांना जाऊ लागलो तेव्हा एक गंमत कळली. क्रॉस कंट्रीच्या कोचांत क्रॉस कंट्री पळलेलं कुणीच नव्हतं. एक जण खो-खोचा, एक हॉकीचा गोलरक्षक, म्हणजे आयुष्यभर एका जागी उभा राहिलेला. मल्लेश्वरमच्या शाळेच्या कोच बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. रविवारी पळायच्या म्हणून मुख्याध्यापकांनी संघ त्यांच्या गळ्यात घातला. आणि कोरमंगल्याहून एक तरुण यायचा, आयटीतली नोकरी सोडलेला, मनगटावर असं घड्याळ की त्याच्या छातीचे ठोके आम्हालाही दिसावेत. चहाच्या टपरीवर सगळे आपापली पार्श्वभूमी हसत सांगायचे. खो-खोवाला म्हणायचा, "मला फक्त पाठलाग येतो, अंतर येत नाही." माझी पाळी आली की कोरमंगल्याचा पोरगा म्हणायचा, "सरांचं काय, सर फौजी." मी चहा प्यायचो.

हे फौजीपण मला आमच्या मुख्याध्यापिकांनी दिलं. मुलाखतीत मी म्हणालो होतो की मी मिल्ट्रीसाठी मुलं तयार करायचो. त्यांनी माझे बारीक कापलेले केस पाहिले, ताठ पाठ पाहिली, आणि पालकांच्या पहिल्याच सभेत सांगितलं की आमचे कोच सैन्यातून आले आहेत. सभागृहात टाळ्या वाजल्या. एक आजोबा तर उठून उभे राहिले. मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, मॅडम, जरा चूक होतेय. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणीतरी उभं राहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, आणि हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून मुली मला मेजर सर म्हणू लागल्या.

आणि शिकवायचं तरी काय? मला जे येत होतं तेच शिकवलं. शाळेच्या मागं बनातून लाल मातीची वाट जाते, मध्ये एक चढ आहे, तळ्याला वळसा घालून पुन्हा मैदानात येते. मुली आत येऊ लागल्या की पहिल्या सहा जणींनंतर मी दोरी आडवी धरायचो. एक टोक झाडाला, एक माझ्या हातात. मागच्यांना म्हणायचो, "खाली बसा. झालं तुमचं." मुलींना वाटायचं ही सैन्यातली शिस्त. त्या मुकाट्यानं बसायच्या.

एक तेवढी बसायची नाही. नववीतली, पुण्याहून आलेल्या घरातली, अंगानं जरा जड, पळताना तोंडानं मोठ्ठा श्वास घेणारी. ती दर वेळी शेवटी यायची, दोरीपाशी यायची, दोरीला हात लावायची आणि मग पाणी प्यायला जायची. तिच्या त्या हात लावण्याचा मला राग यायचा. का यायचा ते तेव्हा कळलं नव्हतं. एकदा मी तिला म्हणालोही, "रोज कशाला दमतेस? बॅडमिंटन घे की." ती म्हणाली, "सर, मला हेच आवडतं." मी म्हणालो, "आवडून काय होतंय? दोरीच्या पलीकडं गेलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि पुन्हा दोरीला हात लावून गेली.

यंदाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी संघातली एक मुलगी तापानं आडवी झाली. यादीत सहा नावं लागतात. खेळविभागाच्या प्रमुख बाई, जुन्या बेंगळुरूच्या, म्हणाल्या, "त्या जाड्या पोरीला घ्या की. रोज येते बिचारी." मी कुरकुरलो. "सरी बिडी," म्हणजे असू दे, जाऊ दे, असं म्हणून त्यांनी तिला जर्सी देऊनही टाकली. संख्या भरायला एक, असा विचार करून मी यादीत तिचं नाव लिहिलं.

क्रॉस कंट्रीचा नियम असा आहे की सहा जणी पळतात आणि संघाच्या पहिल्या चौघींचे क्रमांक मोजतात. चार जणी रेषेपर्यंत आल्याच नाहीत, तर संघच धरत नाहीत. हा नियम मला ठाऊक होता. पाठ होता. पण डोक्यात भिनलेलं असतं ते वेगळंच. माझ्या मुली भरतीच्या पोरांसारख्या सुटल्या, जणू कुणीतरी दोरी घेऊन मागं लागलंय. मी लांबून ओरडत होतो, "पुढं! पुढं घुसा!" पहिल्या टेकडीवर त्या सगळ्यांच्या पुढं होत्या. दुसऱ्या टेकडीवर दोघी पोट धरून खाली बसल्या आणि स्वयंसेवकांच्या जीपमधून परत आल्या. तिघी पार दमून, पण बऱ्या क्रमांकानं रेषेवर आल्या. सहावीचा पत्ता नव्हता. तीही कुठंतरी बसली असेल, असं मी धरून चाललो. बघायला गेलो नाही, विचारलं नाही. पाचही जणींना घेऊन बसपाशी आलो, केळी वाटली आणि त्यांना झापत राहिलो.

मग लाउडस्पीकरवरून आमच्या शाळेचं नाव पुकारलं. सांघिक तिसरा क्रमांक. मला वाटलं, चुकून पुकारलं. आपल्या तर तिघीच आल्या. मी मैदानाकडे धावलो.

रेषेवरची फीत गुंडाळत आणली होती. खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. तिथं ती मुलगी मातीत पाय पसरून बसली होती, गुडघ्यापर्यंत लाल, छातीवर नंबर तसाच. तिची आई शेजारी उकिडवी बसून तिच्या बुटाची नाडी सोडत होती. मुलीनं मला पाहिलं आणि ती हसली. "सर, मी आले. थोडी चालले, पण आले." चौथी रेषेवर आली तरच संघ धरतात, हे गणित तिला माहीत होतं. मला वाटलं होतं माहीत नसेल.

आई उठली. रागावलेली होती, पण आवाज चढवला नाही. "सर, ही आली तेव्हा इथे आपल्या शाळेचं कुणीच नव्हतं. पंच तर फीत काढत होते, मीच त्यांना म्हटलं, प्लीज थांबा, माझी मुलगी येतेय. तुम्ही सैन्यातले ना? तिथे हेच शिकवतात का, मागे राहिलेल्याला तिथेच सोडून यायचं?"

एखादी थाप मारता आली असती. बसचं, पाण्याचं, गर्दीचं काहीही. पण तिनं नेमकं सैन्याचं नाव घेतलं, आणि माझ्या कानशिलापर्यंत आग आग झाली. ज्यांनी मला घेतलंच नाही, त्यांच्या नावाला माझ्यामुळं बट्टा लागत होता. शहरात येऊन कमावलेली माझी भाषा गळून पडली आणि मी आमच्या गावच्या बोलीत म्हणालो, "मी मिल्ट्रीत नव्हतो, ताई. भरतीला गेलतो. घेतलं न्हाई."

आई माझ्या बारीक कापलेल्या केसांकडे बघत राहिली. मुलीला मात्र कुतूहल. "म्हणजे? तुम्ही कशात आउट झालात?"

"पळण्यात."

"दोरी?"

"व्हय. अशीच."

मग अगदी साध्या आवाजात, वर्गात शंका विचारावी तसं, तिनं विचारलं, "मग तुम्ही फिनिश लाइन क्रॉसच नाही केली? एकदाही?"

"न्हाई. दोरी पडली की खाली बसायला सांगत्यात."

"आणि तुम्ही बसलात?"

"बसलो."

तिच्या आईनं तिला दंडाला धरून उठवलं. "चल, मोजे बदल आधी." मी त्यांची पिशवी घेऊ लागलो, तर आई म्हणाली, राहू दे. त्या दोघी पुढं गेल्या आणि मी मागून रिकाम्या हातानं चालत राहिलो.

त्या आठवड्यात मी दोरी नेटबॉलच्या जाळ्यांखाली टाकून दिली. तेवढं केलं. दुसरंही करायचं ठरवलं होतं: सोमवारच्या प्रार्थनेला सर्वांसमोर खरं सांगायचं. वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण मुख्याध्यापिकांनी मुलींच्या गळ्यात पदकं घातली आणि माइकवर सांगितलं की हे आमच्या कोचच्या लष्करी शिस्तीचं फळ आहे. टाळ्या वाजल्या. मी ओळीच्या टोकाला उभा होतो. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. तिनं मान खाली घातली आणि पदकाची फीत सरळ केली. जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन मी ओळीबरोबर बाहेर पडलो.

आता सगळ्या मुली शेवटपर्यंत पळतात. शेवटची येईपर्यंत मी रेषेवर उभा असतो. ती मुलगी अजूनही मागंच असते, पण आता फार नाही. तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. तिच्या आईनंही नाही, शाळेच्या दारात भेटली की बाई मान हलवून "बरं आहे ना सर?" विचारते, आणि त्या चांगुलपणानं मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. रागावली असती तर परवडलं असतं.

परवा नवी तुकडी आली. त्यांतली एक चुणचुणीत पोर वाटेवर उभी राहून म्हणाली, "मेजर सर, तुम्ही कुठल्या रेजिमेंटमध्ये होतात?" सगळ्या थांबल्या. मी तोंड उघडलं. या वेळी खरंच सांगणार होतो, निदान आता तसं वाटतं.

"ए, सरांना ते विचारायचं नसतं," मागून ती दोरीला हात लावणारी म्हणाली. "त्यांना सांगायची परमिशन नसते. चल, पळ."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की माझ्या लक्षात आलं, ती हे पहिल्यांदा म्हणत नव्हती. माझ्यासाठी ही पोर किती दिवस खोटं बोलत आली होती कुणास ठाऊक. पोरी माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

मी शिट्टी वाजवली.