मेंढीच्या दुधावरचा कुत्रा

कळपाचा कुत्रा माणसाच्या मायेत वाढवायचा नसतो. मेंढपाळ धुडकूने कुत्र्याचं पिल्लू आणलं, मेंढीच्या सडाला लावलं, कोकरांत सोडलं आणि बायकोला बजावलं, याला हात लावायचा नाही. पण तापीबाईचं एकुलतं पोर, उखा, प्लेगात गेलेलं. रानात भाकरी घेऊन गेली की नवऱ्याची पाठ वळताच ती पिल्लाला मांडीवर घ्यायची आणि कानात हळूच म्हणायची, “उखा.”

बघता बघता ते शेळीएवढं झालं. एका दुपारी ती घरी निघाली, तर कुत्रा कळप सोडून तिच्यामागे आला. तिनेही परतवला नाही. तेवढ्यात लांडग्याने कोकरं नेली.

धुडकू ओरडला नाही. “हाऊ आते मेंढ्यास्ना नही ऱ्हायना, तुन्हा व्हयी गया,” एवढंच म्हणाला. कळप सोडून तिचा झालेला, बिनकामाचा कुत्रा पोसणारं घर नव्हतं ते. खापर गावच्या बाजारात त्याने तो एका गाडीवानाला देऊन टाकला.

गाडीमागे बांधलेला कुत्रा वळून वळून बघत होता. तिने त्या नावाने एक हाक मारली असती, तर त्याने दोर तोडला असता. तापीबाई तोंडात पदर कोंबून उभी राहिली, पोराला नेलं तेव्हा उभी होती तशीच.