रोल संपल्यावर काढलेले फोटो

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला, रुक्कूला, सांगायलाच हवं होतं — तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही, आणि अर्ध्यात उठून गेलात तरी माझं काही बिघडत नाही. बघा, सुरुवातच कशी झाली! या वयातही मी आधी माझं काय बिघडेल तेच बघतो.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात आमचे कुणीतरी पूर्वज दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. ही मराठी मी पुण्याला कॉलेजात घेऊन गेलो तेव्हा खोलीतली पोरं पोट धरून हसली. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं, नाही का? मी घरच्यांवर चिडलो. दोन-चार महिन्यांत जीभ घासूनपुसून पुणेरी केली, आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो तो सगळ्यांकडे नाक मुरडत. अम्मा जेवायला वाढताना काही बोलली की मी तिचं वाक्य सुधारून द्यायचो. ती बिचारी पुन्हा नीट म्हणायचा प्रयत्न करायची. इतका मी शहाणा झालो होतो.

सुटीपुरता एका मित्राचा कॅमेरा मागून आणला होता — भात्याचा, घडी होणारा. आमचं एक टोळकं होतं पुण्यात, फोटोंचं वेड लागलेलं. चेहरे काय, गल्लीतला स्टुडिओवालाही काढतो. आपण पोत पकडायचा, असं त्या टोळक्यात ठरलेलं. झाडाची साल, खडक, वाळू, भेगाळलेला चिखल. माणूस चौकटीत आला की चित्र बाटलं! हे मला वेदवाक्य वाटायचं. आज वाटतं, त्या टोळक्यातल्या एकालाही स्वतःच्या आईकडे धड बघता येत नव्हतं, म्हणून आम्ही सालींकडे बघत होतो.

घरात अप्पा, अम्मा, रुक्कू आणि गोदाक्का. गोदाक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. तुळतुळीत डोकं, त्यावरून घेतलेलं तांबडं आलवण, अनवाणी पाय. मला तिनंच वाढवलं. अम्माला माझ्यानंतर बरेच दिवस बरं नव्हतं, तेव्हा मी गोदाक्काच्याच कुशीत झोपायचो. हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे पुढचं मी परक्या बाईशी केलं, असा तुमचा समज व्हायला नको.

रुक्कूचं लग्न जुळवणं चाललं होतं. तंजावरच्या एका आपल्यातल्या घरानं मुलीचा फोटो मागितला होता. त्यासाठी अप्पांनी कुठून कुठून ओळखी काढून एक रोल मिळवला आणि माझ्या हातात ठेवला. फोटो स्टुडिओत नको, मोकळ्यावर काढू, असं मीच म्हणालो होतो. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला अम्मानं रुक्कूसाठी नवस बोलला होताच. तेव्हा ठरलं — बसनं स्वामीमलैला जायचं, तिथून पायी तिरुवलंचुळी, देवदर्शन करायचं आणि देवळाजवळच्या नारळीच्या बागेत रुक्कूचा फोटो.

मे महिना. कावेरीत पाणी नव्हतं, नुसती वाळू. कालवे आटून तळाचा गाळ तडकलेला. आम्ही बांधावरून चाललो होतो — पुढे अप्पा छत्री उघडून, मागे अम्मा पुळिचोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा सांभाळत, रुक्कू नवं पातळ चुरगळू नये म्हणून ओचा धरून, सगळ्यांत शेवटी गोदाक्का. आणि मी? मी बांधाखाली, गुडघ्यावर. ताडाच्या बुंध्यावरच्या कड्या. वाऱ्यानं वाळूवर पाडलेल्या ओळी. अर्जुनाच्या झाडाचे निघालेले पापुद्रे. वारूळ. गाळाच्या भेगा तर एकदा काढून भागेना — उन्हाकडून, सावलीकडून, अगदी वरून. अप्पा छत्रीखालून म्हणाले, रुक्कूसाठी ठेव रे थोडें. मी म्हणालो, हो हो, आहे भरपूर. आणि मनात म्हणालो, या माणसाला कळतं काय! ज्यानं रोल आणून दिला त्या माणसाला!

देवळाच्या अलीकडे, नदीच्या वाळूत कुणी झरा खणला होता. तिथे सगळे टेकले. गोदाक्का कडेला बसून पायांवर पाणी घेत होती, माझ्याकडे पाठ करून. तिच्या टाचा मला दिसल्या. जन्मभर अनवाणी चाललेल्या टाचा — खोल, काळ्या, फाटलेल्या भेगा, भेगांत माती आणि वरून नुकतं ओघळलेलं पाणी. मी जवळ सरकलो आणि फोटो काढला. तिला पत्ता नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत आकडा पाहिला, तर रोल संपला होता.

तेव्हा सांगता आलं असतं. अप्पा चिडले असते, अम्मा रडली असती, दुसरा रोल मिळेपर्यंत पंधरवडा गेला असता. बस, एवढंच. मी काय केलं? विनायकासमोर हात जोडले, प्रसाद खाल्ला, आणि नारळीत जाऊन रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला.

रुक्कूला उभं केलं. हनुवटी वर, खांदा इकडे, हसू नको, थोडं हस — सगळं साग्रसंगीत. खटका दाबला. आवाज अगदी खऱ्यासारखा येतो, रोल असो नसो. रुक्कू लाजली. अप्पांनी घाम पुसला आणि समाधानानं मान हलवली. मला हसू आलं, खरं सांगतो. किती सोपे आहेत हे लोक, असं वाटलं.

एवढ्यात गोदाक्का बोलली. ती झाडामागे उभी होती. घरात कुणाचा फोटो निघायचा तेव्हा ती नेहमीच अशी कुठेतरी मागे असायची.

"मजही एक पडम काढशील की रे?" पडम म्हणजे फोटो. "रुक्कूसंगें. ही आतां जाणार. मागें मज पाहावयास काय उरेल?"

गोदाक्कानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अम्माचा चेहरा पडला. लग्नाच्या मुलीशेजारी आलवणातली बाई — शुभकार्यासाठी आणलेल्या रोलवर! ती अप्पांकडे बघू लागली. अप्पा छत्रीची मूठ बघू लागले.

आणि मग मी भाषण दिलं. हो, भाषण! त्या नारळीत उभा राहून मी माझ्या आईला सांगितलं की हे सगळं अडाणीपण आहे, काचेला आणि रसायनाला विधवा-सवाष्ण कळत नाही, देश स्वतंत्र झाला तरी तुमची डोकी तिथंच. पुणेरी मराठीत, एकही शब्द न अडखळता. मी गोदाक्काचा हात धरून तिला उजेडात आणलं, रुक्कूच्या शेजारी उभं केलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. हात कुठे ठेवावे हे तिला कळेना, तेव्हा रुक्कूनं तिचा हात आपल्या हातात घेतला. गोदाक्का कॅमेऱ्याकडे बघत राहिली, पापणी न लववता — हललं तर बिघडतं, असं तिनं कुठेतरी ऐकलं असावं. डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं पुसलं नाही.

मी खटका दाबला. आत काही नव्हतं. सुधारक म्हणवणारे बरेच पाहिलेत मी पुढे आयुष्यात, पण इतका हलकट दुसरा पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, तरुण होता, गंमत केली. थांबा. अजून मी मुद्द्यावर आलेलो नाही. इतका वेळ तिथे यायचंच टाळतोय.

दोन दिवसांनी मी रोल धुवायला देतो म्हणून घराबाहेर पडलो. महामहम तलावाभोवती फिरलो, कॉफी प्यायलो, घरी आलो आणि सांगितलं — उजेड गेला आत, रोल गेला. काहीच आलं नाही. खरा रोल तेव्हा माझ्या ट्रंकेत सदऱ्यांखाली गुंडाळलेला होता, सालींचा आणि भेगांचा, पुण्याला जायला तयार.

अप्पा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. अम्मा म्हणाली, "तरी म्यां नको म्हटलें होतें. शुभकार्याच्या रोलांत ती कशास? तिची सावली पडली आणि पोरीचेंही गेलें."

गोदाक्का स्वयंपाकघराच्या दारात डाळ निवडत होती. तिनं ऐकलं. सूप चालू राहिलं.

मी तिथे उभा होतो. नारळीत भाषण ठोकणारा मी. एक वाक्य पुरलं असतं — रोल आधीच संपला होता. तेही नको, नुसतं "अम्मा, काहीतरी बोलू नकोस" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कॉफीचा पेला आणि वाटी उचलली आणि माडीवर गेलो. मला हायसं वाटलं होतं. कळतंय का तुम्हाला? अम्माचा राग माझ्यावरून दुसरीकडे गेला म्हणून बरं वाटलं. ज्या अडाणीपणाला मी नावं ठेवली होती, त्याच्याच आडोशाला जाऊन बसलो.

दिवेलागणीला गोदाक्का माडीवर आली. तिचे गुडघे दुखायचे, ती जिना चढत नसे. दारातच उभी राहिली. विचारलं, "म्यां उभी राहिल्यानें झालें कां रे तें? तूं शिकलेला. तुज ठाऊक असेल."

तिला दुसरं कुणी नव्हतं विचारायला. तिला अम्माचं पटलं नव्हतं अजून, म्हणून तर ती जिना चढून आली. माझ्या तोंडून "नाही" ऐकायला आली होती. मी पुस्तकातून मान वर केली आणि म्हणालो, "कुणास ठाऊक, अक्का."

हेच ते. बाकीचं सगळं यासाठी सांगितलं.

मला ठाऊक होतं. मला एकट्यालाच ठाऊक होतं. नाही म्हटलं असतं तर ती खाली जाऊन अम्माला म्हणाली असती, तो सांगतो तसें नव्हे; मग अम्मानं विचारलं असतं, मग कशानं; मग अप्पांनी स्टुडिओत चौकशी केली असती. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात फिरलं, आणि मी हे दोन शब्द काढले. किती सफाईनं! गोदाक्कानं मान हलवली, जेवावयास ये म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली.

पुण्याला मित्रानं रोल धुतला. गाळाच्या भेगा सपाट आल्या होत्या, अगदी सामान्य. सगळ्यांना आवडला तो टाचांचा फोटो. मोठा करून छापताना कडेचं पाणी आणि आलवणाचा काठ मी स्वतः कापून टाकला, म्हणजे पाऊल ओळखू येऊ नये. स्नेहसंमेलनात तो भिंतीवर लागला. खाली मी लिहिलं होतं, "तहानलेली जमीन". एक प्राध्यापक त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, शेतकऱ्याचं दुःख दिसतं यात. मी नम्रपणे मान खाली घातली.

तंजावरच्या घरानं वाट पाहिली नाही, दुसरीकडे जमवलं. रुक्कूला पुढे चांगलं स्थळ मिळालं, ती सुखात राहिली. तिचं काही अडलं नाही. पण मधल्या काळात घरात काही बिनसलं की अम्मा त्या रोलचा उल्लेख करायची, आणि हळूहळू गोदाक्कालाच ते पटलं. देवघरात आरती चालू असताना ती परसात जाऊन बसू लागली. रुक्कूच्या लग्नात ती मांडवात आलीच नाही. कोठीत बसून राहिली. मी सुटीवर यायचो, बघायचो, जेवायचो आणि परत जायचो. तिनं वाढलेलंच जेवायचो.

मग माझं लग्न झालं, कुंभकोणमलाच. फोटोवाला आला — तिपाई, काळं कापड, सगळा थाट. अंगणात बाकं मांडली. अप्पांनी हाका मारल्या, सगळे गोळा झाले. गोदाक्का ओसरीवर उभी होती, नव्या सुनेकडे कौतुकानं बघत. फोटोवाल्यानं तिपाई रोवताच तिनं आलवण सावरलं आणि कुणी काही म्हणायच्या आत मागच्या दारानं परसात निघून गेली. मी पाहिलं. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

फोटोवाल्यानं कापडातून डोकं बाहेर काढून विचारलं, सगळे आले ना? अप्पा नुसते हसले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नवरामुलगा मी होतो. परसाचं दार चार पावलांवर होतं, उघडंच होतं.

मी म्हणालो, "आले सगळे. काढा."